त्याला मत द्या, पण आधी त्याच्या शेतात जाऊन या

पत्र (थोडं कापून):

‘नमस्कार ताई. मी कळंब तालुक्यातल्या एका गावची, वय 43. सहा वर्षांपूर्वी बचतगटाचं प्रशिक्षण घेतलं आणि घरच्या सात एकरांतलं एक एकर माझ्यासाठी मागून घेतलं. त्यात ज्वारी, तूर, मूग, जवस आणि घरापुरता भाजीपाला करते. रासायनिक खत टाकत नाही. आता आमच्या बारा जणी तसं करतात. यंदा जिल्हा परिषदेला आमच्या गटातून (मतदारसंघातून) एक तरुण अपक्ष उभा राहतोय. पुण्याची नोकरी सोडून आलेला, विषमुक्त शेती, देशी बियाणं, गावचा माल गावात असं बोलतो. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ सगळे बघतात. त्याच्या समोर आमच्या मालकांचे चुलतभाऊ आहेत, कारखान्याच्या बाजूचे. आमचं रस्त्यावर कृषी सेवा केंद्र आहे. मालक म्हणतात, तू त्या पोराच्या मागं फिरताना दिसलीस तर भावकी तुटेल आणि गावातली उधारीही बुडेल. तो पोरगा म्हणतो, तुमच्या बारा जणी प्रचाराला आणा, हळदीकुंकू ठेवू, रोजाचे चारशे देतो. मला त्याचं बोलणं पटतं. पण तो खरा आहे की बोलघेवडा, हे ओळखू कसं? आणि घरात काय करू?’

ताई,

आधी माझीच फजिती सांगते. 2012 साली जिल्हा परिषदेची निवडणूक होती, मी तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होते. आमच्या गटात एक उमेदवार आला. खांद्यावर उपरणं, तोंडात देशी गाय, जमिनीचा पोत आणि आजीच्या हातची भाकरी. मी पाघळले. पायाला भिंगरी लावून अकरा गावं फिरले. निवडून आला. पाच वर्षांनी मागं वळून बघितलं तर शेतीसाठी त्याच्या नावावर एकच ठळक काम होतं, सेस फंडातून (जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतून) अनुदानावर वाटलेले फवारणी पंप. प्रत्येक पंपावर त्याच्या फोटोचा स्टिकर. विषमुक्त शेतीचा माणूस फवारणीचे पंप वाटून मोकळा झाला! एक पंप माझ्याही घरी आला. पण दोष सगळा त्याला कसा देऊ? निवडून आल्यावर तू कुठल्या बैठकीत काय मागणार, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘हो, पाठिंबा द्या’ असंच आहे, फक्त तो त्याच्या व्हिडिओवर देऊ नका.

जिल्हा परिषदेच्या सदस्याच्या हातात काय असतं ते आधी बघू, कारण उमेदवार खरा की खोटा हे निम्मं तिथंच कळतं. त्याला ऊस बंद करता येत नाही. युरियाची किंमत, हमीभाव, सोयाबीनच्या तेलाची आयात, हे सगळं दिल्लीत ठरतं. ‘मी निवडून आलो की गट रसायनमुक्त करीन’ असं कोणी म्हणालं तर चहा पाजा आणि वाटेला लावा. पण जे त्याच्या हातात असतं तेही थोडकं नाही. जिल्हा परिषदेत कृषी समिती असते, पशुसंवर्धन आणि दुग्धशाळा समिती असते, महिला आणि बालकल्याण समिती असते, जलव्यवस्थापन समिती असते. सेस फंडातून कशावर अनुदान द्यायचं ते तिथं ठरतं. पंप द्यायचे की बियाणं साठवायच्या कोठ्या, ताडपत्री द्यायची की गावात छोटी डाळमिल, यासाठी वरून कोणी हात धरत नाही. पाझर तलाव, गावतळी, छोटे बंधारे यांची बरीचशी कामं जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडून होतात. आणि शाळा, अंगणवाड्या जिल्हा परिषदेच्याच.

या शेवटच्या गोष्टीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला वाटतं तुमच्या बारा जणींचं गणित इथंच बसतं. शाळेच्या पोषण आहाराचा तांदूळ केंद्राकडून येतो, त्यात कोणाचं काही चालत नाही. पण भाजीपाल्याची खरेदी शाळेच्या पातळीवर होते. अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या पोरांचा गरम ताजा आहार गावातले बचतगटच शिजवतात. म्हणजे तुमच्या एका एकरातली मेथी, शेवगा, मूग विकत घेणारं एक गिऱ्हाईक गावातच बसलंय, रोजचं आणि वर्षभराचं. ओडिशात 2017 साली सरकारनं भरडधान्यांची मोहीम सुरू केली, त्यात नाचणी हमीभावानं विकत घेतली आणि केंदुझर जिल्ह्यात अंगणवाडीच्या मुलांना नाचणीचे लाडू दिले. आदिवासी बायकांनी पिकवलेलं धान्य त्यांच्याच पोरांच्या हातात. तिथं राज्य सरकारच मागं उभं होतं, आपल्याकडं एकटा सदस्य तेवढं करू शकणार नाही. पण आपल्या गटातल्या पंचवीस-तीस शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि अंगणवाडी पर्यवेक्षिकांना एकत्र बसवून ‘भाजी गावातल्या बायकांकडून घ्या, दर महिन्याला पैसे चुकते करा’ एवढं तर त्याला करता येईल? तुमच्या पोराला हे विचारा. व्हिडिओत गांडूळखताची टाकी दाखवणं सोपं आहे. बिल वेळेवर निघेल याच्यामागं लागणं फार कंटाळवाणं काम असतं, आणि सदस्याचं खरं काम तेच.

आता पाणी. तुम्ही मांजराच्या काठचे, तुम्हाला मी काय सांगू. 2016च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि त्याच्या आधीची कित्येक वर्षं त्याच खोऱ्यात उसाच्या मोळ्या वाढत होत्या. म्हणून शेती टिकाऊ व्हावी असं म्हणणाऱ्या माणसाला मी पहिला प्रश्न पाण्याचा विचारते. शेण, गोमूत्र, जीवामृत नंतर. बोअरवर बोअर मारून पिकवलेली भाजी ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येईल, पण ती टिकणारी शेती मी मानणार नाही. हिवरे बाजारचं नाव त्यानं घेतलंच असेल, सगळेच घेतात. घेतलं की लगेच विचारा, तिथं नेमकं काय झालं? पोपटराव पवारांच्या गावानं शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस आणि केळी लावायची नाही असं ठरवलं. पाऊस किती पडला ते मोजून, पिण्याचं पाणी बाजूला काढून मग रब्बीत काय पेरायचं ते गावानं बसून ठरवलं. हे झालं ग्रामसभेत, आणि तेही एका रात्रीत नाही. असा पाण्याचा ताळेबंद तुझ्या गटातल्या किमान दोन गावांत करायला तू काय करशील, हा प्रश्न. त्याच्याकडं स्वतःचं बोअर किती फूट आहे, हाही.

आणि हो, ऊस लावणाऱ्याला वेडा म्हणणारा उमेदवार मला आवडत नाही. उसाला विकत घेणारा ठरलेला आहे, एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, ऊस घातल्यावर 14 दिवसांत पैसे द्यावेत असा 1966च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे. कारखाने तो पाळत नाहीत ते सोडा, नियम तरी आहे, त्याच्यावर बोट ठेवून आंदोलन करता येतं. तुमच्या ज्वारीमागं काय आहे? सोयाबीनचं तुम्ही बघितलंच. 2024च्या हंगामात हमीभाव होता 4,892 रुपये आणि आडतीवर त्याच्या कितीतरी खाली विकावं लागलं. सरकारी खरेदीला ओलाव्याची 12 टक्क्यांची अट होती, ती 15 टक्क्यांवर नेली कधी, तर विधानसभेच्या मतदानाला पाच-सहा दिवस राहिले असताना. हे मी कडवटपणानं सांगत नाही. मताच्या आधीच्या पंधरा दिवसांत शेतकऱ्याचं बोलणं ऐकू जातं, एवढंच त्यातून घ्या आणि त्या पंधरा दिवसांत हळदीकुंकवाला बसून राहू नका.

बाजाराबद्दल आणखी एक छोटा प्रश्न आहे, तो माझ्या आवडीचा. तुमच्याकडच्या मोठ्या गावात आठवडी बाजार भरतो ना? त्याच्या पावतीचा ग्रामपंचायत लिलाव करते. ठेकेदाराचा माणूस डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या बाईकडूनही पावती फाडतो आणि टेम्पो भरून आणलेल्या व्यापाऱ्याकडूनही. शेतकऱ्याला बाजारात हक्काचा ओटा मिळेल का, स्वतःचं पिकवून आणणाऱ्या बाईची पावती माफ होईल का? हे जिल्हा परिषदेचं काम नाही, ग्रामपंचायतीचं आहे. पण उमेदवाराला त्यातलं काही माहीत आहे का, हे बघायला फार उपयोगी. 2016 साली राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, त्याच सुमारास संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजारांची योजनाही काढली. पुण्या-मुंबईकडं त्याचा बराच बोलबाला झाला. तुमच्या तालुक्याच्या गावी असा बाजार भरवायला जागा कुठं मिळेल, ते त्यानं कधी शोधलंय का?

एवढं झालं की त्याच्या शेतात जा. न सांगता जा, दोघी-तिघी मिळून, सकाळी नऊच्या सुमारास. विषमुक्त म्हणतोस तर तुझा पीजीएसचा, म्हणजे सेंद्रिय प्रमाणपत्राचा, गट कुठला, सोबतचे शेतकरी कोण, कितवं वर्ष, असं विचारा. रसायनं बंद केल्यावर प्रमाणपत्र पदरात पडायला साधारण तीन वर्षं जातात, आणि पीजीएसमध्ये शेजारचे शेतकरीच एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. त्यामुळं ज्याला शेजाऱ्यांशी पटवून घेता येत नाही त्याचं तिथं चालत नाही. प्रमाणपत्र नसलं तरी माझी हरकत नाही, तुमच्याकडंही नसेल. पण मग त्यानं व्हिडिओत ‘प्रमाणित’ म्हणू नये.

शेतात गेल्यावर त्याच्याशी थोडंच बोला, खुरपायला आलेल्या बायकांशी जास्त बोला. हे मी मुद्दाम सांगतेय. तणनाशक बंद केलं की खुरपं कोणाच्या हातात येतं? जीवामृताचं पिंप ढवळतं कोण, दशपर्णीचा पाला गोळा करतं कोण? सेंद्रिय शेतीवर भाषण करणारे पुरुष पुष्कळ बघितले, पण त्यांच्या रानात वाकलेली पाठ बाईचीच असते. त्याच्याकडं बायकांना रोज किती देतात, गड्याला किती देतात, दुपारी सावलीला बसायला जागा आहे का, पैसे आठवड्याला मिळतात की ‘माल विकल्यावर’? बायका खरं सांगतात, फक्त मालक बांधावर नको. जो माणूस जमिनीच्या पोतावर तासभर बोलतो आणि खुरपणीच्या रोजाचा विषय निघाला की मोबाइल बघतो, त्याला मी मत देणार नाही. गांडुळाचा त्याला कळवळा असेल, बाईचा नाही.

अजून एक कसोटी वेगाची. त्याला विचारा, हे सगळं किती वर्षांत? श्रीलंकेचं तुम्ही ऐकलं असेल. गोटाबाया राजपक्षे 2019 साली राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा त्यांच्या जाहीरनाम्यात दहा वर्षांत देश सेंद्रिय शेतीकडं नेऊ असं होतं. ऐकायला किती छान! आणि 2021च्या एप्रिल-मेमध्ये एकाएकी रासायनिक खतांची आयातच बंद केली. भात घटला, चहा घटला, तांदूळ बाहेरून आणायची पाळी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागं घ्यावी लागली. कर्ज, डॉलरचा तुटवडा अशी इतर कारणंही त्यांच्या पडझडीला होतीच, सगळं खतावर ढकलू नये. आता दुसरं उदाहरण सिक्कीमचं. तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री पवन चामलिंग यांनी 2003 साली विधानसभेत घोषणा केली, 2010 साली त्यासाठी वेगळी मोहीम काढली आणि सुमारे 75,000 हेक्टर प्रमाणित व्हायला 2015 संपत आलं. बारा वर्षं! तीही डोंगराळ राज्यात, जिथं मुळातच खत कमी वापरलं जात होतं. तिथल्या शेतकऱ्यांच्याही बाजाराबद्दल तक्रारी आहेतच. तेव्हा तुमचा उमेदवार ‘पाच वर्षांत चाळीस जणी तुमच्यासारखं एक एकर करतील आणि त्यांचा माल खपेल’ असं म्हणाला तर मला तो शहाणा वाटेल. ‘अख्खा तालुका’ म्हणाला तर नाही.

आंध्रचंही सांगते, कारण ते तुमच्या जवळचं आहे. तिथं 2016 साली नैसर्गिक शेतीचा कार्यक्रम सुरू झाला, तो गावोगावच्या महिला बचतगटांच्या खांद्यावर. 2019 साली सरकार बदललं, 2024 साली पुन्हा बदललं, कार्यक्रम चालू राहिला. पुढारी येतात-जातात, पण गावातल्या बायकांनी धरून ठेवलेली गोष्ट गुंडाळून ठेवणं कोणालाच परवडत नाही, असं मला त्यातून दिसतं. तुमच्या बारा जणींचं वजन त्या अपक्षापेक्षा जास्त आहे, त्याच्यापेक्षा तुम्ही जास्त टिकणार आहात. म्हणून त्याच्या मागं चालू नका. त्याला तुमच्याकडं बोलवा.

ते चारशे रुपये अजिबात घेऊ नका. प्रचाराला मजूर लावणं आता सगळीकडं चालतं, तेवढ्यावरून तो वाईट ठरत नाही. कदाचित कोणी त्याला सांगितलं असेल की असंच करायचं असतं. पण रोज घेतला की तुम्ही त्याच्या गडी झालात, मग निवडून आल्यावर जाब विचारायला तोंड राहत नाही. आणि मतासाठी म्हणून पैसे द्यायला लागले तर तो देणाऱ्याचाही गुन्हा आणि घेणाऱ्याचाही. हळदीकुंकवाऐवजी एक बैठक ठेवा, देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर, चहा तुमच्या खर्चानं. मी वर लिहिलंय त्यातले पाच-सहा प्रश्न एका कागदावर लिहून काढा. त्याला बोलवा आणि तुमच्या चुलत दिरांनाही बोलवा. हो, त्यांनाही! दोघांना तेच प्रश्न. कोण काय म्हणालं ते वहीत लिहा, खाली सही घ्या. सही देणार नाही म्हणाला तर तेही लिहा.

आणि त्या अपक्षाला सगळ्यांसमोर एक प्रश्न हमखास: अध्यक्ष निवडायच्या वेळी तू सहलीला जाणार का? तुम्हाला ठाऊक आहेच, एक-दोन सदस्य कमी पडले की अपक्षाचा भाव कसा चढतो आणि आठवडाभर त्यांचे फोन कसे बंद असतात. कोणाकडंही जा, पण जाताना कृषी समिती मागून घे, अंगणवाडीच्या भाजीचं मागून घे आणि काय ठरलं ते आम्हाला येऊन सांग, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

बचतगटाचं नाव मात्र प्रचारात आणू नका. बचतगट आणि जिल्हा परिषदेचा गट, नावानं सारखे म्हणून एकात एक मिसळायचे नाहीत. बारा जणींत कोणाचा भाऊ इकडं असेल, कोणाचा सासरा तिकडं. गटाच्या नावावर कर्ज आहे, बँक आहे, ग्रामसंघ आहे. उद्या निकाल उलटा लागला तर गट फुटायला नको. जिला फिरायचंय तिनं स्वतःच्या नावानं फिरावं, जिला नाही तिला कोणी टोचून बोलू नये.

आता घर. (तुम्ही ‘मालक’ लिहिलंय. मीही तेच म्हणते, शब्द जुना झाला तरी जिभेवरून उतरत नाही.) मत गुप्त आहे, ते तुमचं. तिथं कोणाची परवानगी लागत नाही, तो विषय घरात काढूही नका. प्रश्न उरतो तो उघड फिरण्याचा, आणि तिथं मालकांची भीती खोटी नाही. कृषी सेवा केंद्र म्हणजे निम्मा धंदा उधारीवर. खरिपाला दिलेलं खत-बियाणं दिवाळीला वसूल होतं, तेही माणसाच्या गोडीवर. भावकी रुसली आणि चार घरांनी ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हटलं तर कंपनीचे पैसे कुठून भरायचे? त्यांना ‘तुम्ही विष विकता’ असं ऐकवणं सोपं आहे, कदाचित भांडणात ऐकवलंही असेल. तुमचं एक एकर सहा वर्षं तग धरून राहिलं, ते त्या दुकानाच्या गल्ल्यामुळं, हेही तेवढंच खरं.

त्यांच्याशी बोलताना उमेदवाराचं नाव न घेता दुकानापासून सुरुवात करा. तुमच्या बारा जणींना कामगंध सापळे लागतात, निंबोळी अर्क लागतो, ट्रायकोडर्मा, रायझोबियम लागतं. ते कुठून आणता? तालुक्याहून? मग आपल्याच दुकानात का नको? या वस्तू खपायला लागल्या तर तो त्यांच्या धंद्याचा एक कोपरा होईल. ‘देसी’ नावाचा विक्रेत्यांचा वर्षभराचा अभ्यासक्रम त्यांनी केला असेल तर माती परीक्षणाचा कागद वाचून कमी खत सांगता येतं हे त्यांना चांगलंच माहीत आहे. अडचण एवढीच की कमी खत सांगून धंदा कसा चालवायचा ते त्यांना कोणी दाखवलेलं नाही. त्या अपक्षालाही हे विचारा बरं का: तुझ्या योजनेत खत दुकानदाराचं काय? त्याला शत्रू धरून चालणारा माणूस गावात तीन मतंही फिरवू शकणार नाही.

मग मालकांना सांगा की बैठकीला दोघांनाही बोलावलंय, चुलतभाऊंनाही. यात भावकी तुटायचं कारण नाही, उलट त्यांना मान दिलाय. बैठकीनंतरही तुम्हाला अपक्षच पटला तर तेव्हा ठरवा: गाडीवर बसून घोषणा द्यायच्या की चार घरी संध्याकाळी जाऊन बोलायचं. माझा अनुभव विचाराल तर चार घरं जास्त कामाची. गाडीवरची बाई सगळ्या गावाला दिसते आणि ऐकू कोणालाच येत नाही. समजा मालकांनी तेवढ्यालाही नाही म्हटलं, तर त्यांच्याशी किती ताणायचं ते तुम्हीच जाणता. मी लांब बसून ‘बंड करा’ लिहिणार नाही. एक एकर तुम्ही भांडून मिळवलं होतं की बोलून, ते आठवा. जे तेव्हा चाललं तेच आताही चालेल.

चुलत दीर निवडून आले तर? शक्यता तीच जास्त, खोटं कशाला बोलू. त्यांच्या मागं कारखाना आहे, गाड्या आहेत. पण तुमच्या वहीत त्यांची सही असेल आणि ते घरचे आहेत. भाऊबीजेला, वास्तुशांतीला, लग्नात भेटणार. अंगणवाडीच्या भाजीचं काय झालं भाऊजी, हे जेवणाच्या पंगतीत विचारायला अपक्षापेक्षा ते सोपे पडतील.

आणि कोणीही येवो, ग्रामसभा सोडू नका. मार्च 2026 पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून आलेल्या, पैशांची वाटणी कशी होती बघा ना: 80 टक्के थेट ग्रामपंचायतीला, 10 पंचायत समितीला, 10 जिल्हा परिषदेला. ज्या निवडणुकीवरून तुमच्या घरात एवढं रणकंदन चाललंय तिच्या वाट्याला त्यातला दहावा हिस्सा. त्या पैशातला मोठा भाग बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठी. पण पावसाचं पाणी साठवणं त्यात बसत होतं, आणि ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात काय लिहायचं ते ग्रामसभेत ठरतं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती बहुतेक ठिकाणी रजिस्टरवरच होते. तुमच्या बारा जणी तिथं जाऊन बसल्या तर ग्रामसेवकाला सतरंजी शोधावी लागेल. लागू दे.

बैठक झाली की कळवा, कोण काय म्हणालं ते. कागदावर पाण्याचा प्रश्न पहिला लिहा आणि खुरपणीच्या रोजाचा शेवटी. तो आधी विचारला तर बाकीचं ऐकायला कोणी थांबत नाही, असा माझा अनुभव आहे.

माझा तो पंप अजून गोठ्यात लटकतोय. हल्ली त्यात दशपर्णी अर्क भरते, चांगला चालतो. स्टिकर तेवढा निघत नाही.